चैतालीची नोंद

सकाळी दहाच्या सुमारास सुषमाताईंचा फोन आला, तेव्हा प्रमोद तायडे डिंडोलीतल्या आपल्या दुकानात एका लॅपटॉपचा पंखा साफ करत होता. सेंटरचा कॉम्प्युटर चालू होत नाही, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात आणि आतून टकटक ऐकू येतं, असं त्या म्हणाल्या. टकटक म्हटल्यावर काय झालंय ते त्याला कळलं. डिस्क गेली होती. त्याने नवी डिस्क, पेनड्राइव्ह आणि पेचकस पिशवीत टाकले, शटर ओढलं आणि स्कूटर लिंबायतकडे घेतली. वाटेत त्याला फारशी काळजी वाटली नाही. डिस्क कधी ना कधी जातेच, म्हणूनच तर रोज बॅकअप घ्यायचा असतो.

सेंटर म्हणजे एका इमारतीचा वरचा मजला. आठ खाटा, रक्ताच्या पिशव्यांसाठी एक फ्रिज आणि तपासणीची छोटी खोली. ज्या मुलांच्या अंगात रक्त धड तयार होत नाही, त्या थॅलेसेमियाच्या मुलांना इथे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवत. सगळं देणग्यांवर चालायचं. कॉम्प्युटरही कुणीतरी कचेरी बदलताना देऊन टाकलेला. तो इतका जुना होता की चार वर्षांपूर्वी प्रमोदने त्यावर, कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या अनेक प्रकारांपैकी, एक हलकं, फारसं कुणाला माहीत नसलेलं लिनक्स चढवलं. फुकट होतं आणि चालायचंही छान. सेंटरच्या प्रमुख डॉक्टर देसाईंनी तेव्हा त्याचं कौतुक केलं होतं.

एक अडचण तेवढी होती. बॅकअपचं सॉफ्टवेअर एका मोठ्या कंपनीचं होतं, धर्मादाय संस्थांना मोफत मिळणारं. ते चार-पाच नावाजलेल्या लिनक्सवरच चालेल, असं कंपनीने लिहून ठेवलं होतं आणि प्रमोदचं लिनक्स त्या यादीत नव्हतं. बसवायला गेलं की ते नाव विचारायचं आणि बंद पडायचं. मग प्रमोदने कॉम्प्युटरच्या ज्या फाइलमध्ये लिनक्सचं नाव असतं, ती उघडली आणि तिथे यादीतलं एक नाव लिहिलं. सॉफ्टवेअर फसलं आणि बसलं. त्या दिवसापासून रोज रात्री बॅकअप झाल्याची हिरवी खूण यायची. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला वाटलंच नव्हतं.

तो जिना चढून वर आला, तेव्हा सुषमाताई दारातच उभ्या होत्या. सुषमा सोनवणे सेंटरच्या टेक्निशियन, पंचेचाळिशीच्या, मूळच्या धुळ्याकडच्या. सहसा त्या घाई करत नसत. आज त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या खाटेवर चैताली नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. अंगात ताप, ओठ पांढरे, आणि श्वास घेताना खांदे वर जात होते. तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन चारवर आलं होतं. गावाकडच्या लग्नामुळे दोन खेपा चुकल्या होत्या. अमळनेरहून परतताना सामानाची एक पिशवी बसमध्ये राहिली आणि तिच्या रक्ताच्या नोंदींचं कार्ड त्या पिशवीत गेलं. आई सरस्वती उशाशी बसून तिचे तळपाय चोळत होती.

सुषमाताईंनी प्रमोदला बाजूला नेऊन नेमकं सांगितलं. रक्ताच्या दोन पिशव्या आलेल्या होत्या. गट जुळत होता, चैतालीच्या रक्ताशी मिसळून पाहिलं तरी काही बिघडत नव्हतं. पण त्यांना आठवत होतं की या मुलीच्या नोंदीत त्यांनीच कधीतरी एक तांबडी सूचना लिहिली होती. काय लिहिलं होतं ते आठवत नव्हतं. मुलं सव्वाशेच्या वर, आणि सूचना लिहिलेली मुलंही पंधरा-वीस.

"पण चाचणीत सगळं बरोबर आलंय ना?" प्रमोदने विचारलं.

"तीच तर भीती आहे, प्रमोदभाऊ. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलाचं शरीर कधी कधी त्या रक्तातल्या एखाद्या घटकाचा राग धरतं. काही राग असे असतात की सहा महिन्यांनी चाचणीत दिसत नाहीत. तोच घटक परत आत गेला की मात्र जागे होतात, आणि चढवलेलं रक्त आठवड्याभरात फोडून टाकतात. किडनी जाते. मूलही जाऊ शकतं. ते फक्त नोंदीतच दिसतं."

त्यांनी सकाळपासून हात-पाय हलवले होते. असे राग शोधण्याची तपासणी मागे एका मोठ्या प्रयोगशाळेत करून घेतली होती, तिथे फोन केला. तारीख सांगा, नाहीतर रजिस्टरं चाळायला संध्याकाळ होईल, असं उत्तर मिळालं. तारीखही नोंदीतच होती. डॉक्टर देसाईंनी दोन वाजेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. त्यापुढे हृदयावर ताण येईल, मग जे आहे ते रक्त हळूहळू सुरू करावं लागेल.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. तासाभरात देतो, असं प्रमोद म्हणाला, आणि म्हणताना त्याला ते खरंच वाटत होतं.

जुनी डिस्क काढून नवी लावायला दहा मिनिटं लागली. पेनड्राइव्हवर त्याच लिनक्सची ताजी आवृत्ती होती, ती वीस मिनिटांत चढली. बॅकअप कपाटातल्या एका छोट्या पेटीत, वेगळ्या डिस्कवर होते. ती तारेने जोडली आणि सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. अपेक्षेप्रमाणे ते अडलं: ही प्रणाली आमच्या यादीत नाही. प्रमोदने सवयीने ती फाइल उघडली, नाव बदललं आणि पुन्हा चालवलं. या वेळी ते बसलं. उघडायला गेला, तर एक ओळ येऊन बंद पडलं. त्याला सॉफ्टवेअरचाच एक जुना सुटा भाग हवा होता, आणि लिनक्सच्या नव्या आवृत्तीतून तो काढून टाकलेला होता.

त्याने तो भाग इंटरनेटवर शोधून आणला. तो बसवला तर दुसरा अडला. दुसरा आणला तर तिसरा म्हणाला, माझी आवृत्ती जुळत नाही. खिडकीबाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता. प्रमोदच्या पाठीला घाम आला होता आणि पंख्याखाली तो गार पडत होता.

साडेअकराला त्याने कंपनीला फोन लावला. बारा मिनिटं संगीत ऐकल्यावर एका तरुणाचा आवाज आला. तो नम्रपणे हिंदीत बोलत होता. कोणतं लिनक्स, हा त्याचा पहिलाच प्रश्न. प्रमोदने नाव सांगितलं. क्षणभर टाइप केल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला की हे आमच्या यादीत नाही, यावर मदत करता येणार नाही. एका मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे, असं प्रमोदने सांगितलं. त्यावर तो तरुण म्हणाला,

"सर, यादीतलं कोणतंही लिनक्स दुसऱ्या मशीनवर टाका आणि तिथे उघडून पाहा. बॅकअप चांगला असेल तर तिथे उघडेल. मी एवढंच सांगू शकतो. पण सर, हा बॅकअप यादीबाहेरच्या मशीनवर तयार कसा झाला?"

प्रमोदने आभार मानून फोन ठेवला.

त्या तरुणाचं म्हणणं बरोबर होतं, आणि प्रमोदला ते पहिल्या अडथळ्यालाच सुचलं होतं. पण दुसरं लिनक्स उतरवायला इथल्या इंटरनेटवर तास गेला असता, आणि रिसेप्शनचा कॉम्प्युटर पुसावा लागला असता. शिवाय आणखी एक कारण होतं. चार वर्षं सगळ्यांना अभिमानाने दाखवलेलं मशीन आपल्याच हाताने निकामी ठरवायचं त्याच्या जिवावर येत होतं. अजून एक भाग बदलून बघू, अजून एक. असं करता करता साडेबारा वाजले.

सरस्वती तपासणीच्या खोलीच्या दाराशी आली. ती सुषमाताईंशी बोलत होती, पण बघत होती प्रमोदच्या पडद्याकडे. "ताई, आते कितला येळ लागी?"

सुषमाताईंनी तिला थोडं थांबायला सांगितलं. ती हलली नाही. मागच्या साली दुसऱ्या एका दवाखान्यात रक्त दिलं होतं, त्यानंतर आठ दिवसांनी पोरीची लघवी लाल झाली होती, हे तिला आत्ता आठवलं होतं. तिथल्या लोकांनी काहीतरी लिहून दिलं होतं, ते तिने इथे आणून दिलं होतं. काय लिहिलं होतं ते तिला वाचता आलं नव्हतं.

सुषमाताईंचा चेहरा उतरला. त्या प्रमोदकडे वळल्या.

"म्हणजे माझी शंका खरी आहे. भाऊ, मला सरळ सांगा. हा बॅकअप तुम्ही याआधी कधी उघडून पाहिला होता का?"

"नाही. रोज हिरवी खूण येत होती."

"चार वर्षांत एकदाही नाही?"

"नाही, ताई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं आणि आता काय करता येईल ते विचारलं. प्रमोदने मशीनची तार काढली. त्याने रिसेप्शनचा कॉम्प्युटर मागितला आणि तो पुसावा लागेल हेही सांगितलं. सुषमाताईंनी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी स्वतःच तो उचलून आणला.

सेंटरच्या इंटरनेटवर बसून राहण्यापेक्षा त्याने शेजारच्या मोबाइलच्या दुकानात धाव घेतली. तिथली लाइन वेगवान होती. यादीतलं लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन तो वर आला, तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ते चढवताना पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. प्रमोदला तिच्याकडे बघवेना, म्हणून तो उठून दारात गेला. चैतालीच्या नाकाला आता प्राणवायूची नळी लावली होती. डॉक्टर देसाई तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत होत्या. मुलीने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

दीड वाजता सॉफ्टवेअर बसलं. या वेळी त्याला काही खोटं सांगावं लागलं नाही. पेटी जोडली, आणि तारखांची लांबलचक यादी पडद्यावर आली. काल रात्रीचीही होती. प्रमोदने कालची तारीख निवडली. माहिती नव्या मशीनवर उतरायला पंचवीस मिनिटं दाखवत होती.

दोन वाजले. डॉक्टर देसाई आत आल्या आणि किती वेळ, एवढंच गुजरातीत विचारलं. पाच मिनिटं, प्रमोद म्हणाला. त्यांनी मान हलवली, पण बाहेर जाऊन सिस्टरला पिशवी फ्रिजबाहेर काढायला सांगितलं. बाहेर काढलेली पिशवी अर्ध्या तासात चढवावी लागते, नाहीतर ती वाया जाते. म्हणजे आता अडीचची वेळ पक्की झाली होती.

दोन वाजून सहा मिनिटांनी काम संपलं. नोंदींचा प्रोग्राम सुरू केला, तर पहिल्याच पानावर एकूण रुग्ण एकशे एकोणीस असं आलं.

"एकशे एकोणीस?" सुषमाताई खुर्चीमागून वाकल्या. "आपल्याकडे एकशे अठ्ठावीस आहेत. परवाच मी एक नवा मुलगा नोंदवलाय."

प्रमोदने शेवटच्या नोंदीची तारीख काढली. ती फेब्रुवारीतली होती, आणि आता ऑक्टोबर चालू होता. तो पडद्याकडे पाहत राहिला आणि हळूहळू सगळं त्याच्या ध्यानात आलं. फेब्रुवारीत त्याने लिनक्सचं मोठं अपडेट केलं होतं. तेव्हा नोंदी ठेवणारा प्रोग्राम नव्या जागी गेला आणि नोंदींची जुनी प्रत होती तिथेच पडून राहिली. बॅकअपला जागा बदलल्याचं कुणी सांगितलंच नाही. यादीतलं लिनक्स असतं, तर बहुधा बॅकअपच्या सॉफ्टवेअरने निदान ओरडून सांगितलं असतं. इथे ते आठ महिने रोज रात्री तीच मेलेली प्रत इमानेइतबारे उचलत होतं आणि हिरवी खूण देत होतं.

"ताई, आठ महिन्यांचं गेलं," तो म्हणाला.

"ते नंतर बघू. चैताली शोधा. तिचं मागच्या वर्षीचं असेल तर सापडेल."

त्याने नाव टाइप केलं. चैताली दगा महाजन. नाव आलं, पान उघडलं, आणि वरतीच तांबड्या चौकटीत सुषमाताईंनी मागच्या वर्षीच्या ऑगस्टात लिहिलेलं होतं. 'किड नावाच्या रक्तगटातल्या जेके-ए घटकाविरुद्ध प्रतिद्रव्य सापडले आहे. हा घटक असलेले रक्त कधीही देऊ नये. पुढील चाचणीत काही दिसले नाही तरी देऊ नये.'

सुषमाताईंनी ते एकदा वाचलं आणि त्या धावतच बाहेर गेल्या. प्रमोद मागोमाग गेला. सिस्टरने पिशवी लटकवली होती आणि ती नळीतली हवा काढत होती. सुई अजून जोडायची होती. सुषमाताईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब. हे नाही द्यायचं."

डॉक्टर देसाई आत जाऊन पडद्यावरचं स्वतः वाचून आल्या. मग त्यांनी रक्तपेढीला फोन लावला. रक्तपेढीत चैतालीच्या गटाच्या चौदा पिशव्या होत्या. त्या सगळ्या त्या एका घटकासाठी तपासायच्या होत्या. प्रमोदने विचारलंही नाही, शीतपेटी उचलली आणि स्कूटर काढली. रक्तपेढीच्या बाकावर त्याने चाळीस मिनिटं काढली. आत एक बाई काचेच्या नळ्या उजेडात धरून एकेक बाजूला ठेवत होती. अकरा पिशव्या बाद झाल्या, तीन उरल्या. तिने दोन दिल्या. सेंटरमध्ये लटकवलेल्या पिशवीचा नमुनाही तो सोबत घेऊन गेला होता. तिने तोही तपासला. तिच्यात तो घटक होता.

पावणेचारला नवी पिशवी चढली. सुषमाताई पहिली पंधरा मिनिटं उभ्या राहून थेंब मोजत होत्या. सरस्वतीने मुलीचा हात धरला होता. साडेपाचच्या सुमारास चैतालीने पाणी मागितलं. सरस्वतीने ते पाजलं, आणि मग खाटेच्या कडेला डोकं टेकवलं ते तसंच तिला झोप लागली.

प्रमोद डॉक्टर देसाईंच्या खोलीत गेला. त्या चष्मा काढून डोळे चोळत होत्या. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नाव बदललेली फाइल, न उघडलेला बॅकअप, फेब्रुवारी. सकाळी आपल्या हट्टापायी वाया गेलेला तासही सांगितला.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं लिनक्स त्यांच्या यादीत नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं, प्रमोदभाई?"

"चालत होतं म्हणून."

त्यांनी चष्मा परत घातला. नऊ मुलांची पूर्ण नोंद आणि बाकीच्यांचे आठ महिने, हे जोवर परत जुळत नाही तोवर तुमची या सेंटरमधून सुटका नाही, असं त्या म्हणाल्या. त्या रागाने बोलत होत्या की नाही, हे त्याला कळलं नाही. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्यांनी त्याला काढून टाकलं नव्हतं.

आठ दिवस सुषमाताईंनी रोज सरस्वतीला फोन करून लघवीचा रंग विचारला. नवव्या दिवशी चैताली तपासणीला आली. हिमोग्लोबिन नऊच्या वर टिकून होतं. जुनी डिस्क अहमदाबादला एका माणसाकडे पाठवली होती. तिच्यातून काही निघालं नाही.

मग फोन सुरू झाले. दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा प्रमोद सेंटरमध्ये येऊन बसायचा. ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना फोटो पाठवायला सांगायचा, आणि सुषमाताई आठवून, पडताळून भरत जायच्या. नव्या नऊ मुलांचे नंबर जुन्या नोंदीत नव्हतेच. ते सुषमाताईंच्या मोबाइलमधून आणि सिस्टरच्या वहीतून काढले. आठ मिळाले. नववा मुलगा हिलाल नावाच्या एका कामगाराचा होता, आणि त्याचा फोन बंद होता. सिस्टरला फक्त एवढं माहीत होतं की तो पांडेसरात कापड रंगवणाऱ्या एका डाईंगमध्ये कामाला आहे.

प्रमोद दोन दिवस पांडेसरात फिरला. सातव्या डाईंगच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला की या नावाचा एक माणूस आहे, आणि आत निरोप पाठवला. हिलाल बाहेर आला तो वाफेने भिजलेला, कोपरापर्यंत हात निळे. सेंटरमधून कुणी आलंय, एवढंच त्याला कळवलं होतं. तो चालत नव्हता, जवळजवळ पळत होता.

"पोराला काही झालं का?"

"नाही, काही नाही," प्रमोद म्हणाला. "पोरगा बरा आहे. चूक माझी झालीय. त्याचा कागद माझ्याकडून हरवला. तुमच्याकडचं कार्ड बघायला मिळेल का?"

हिलालला त्यातलं सगळं कळलं असं दिसलं नाही. पण तो शांत झाला. कार्ड तो घरी ठेवतच नव्हता, नेहमी जवळ बाळगायचा. शर्टाच्या आतल्या खिशातून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली. हात ओले होते, म्हणून ती त्याने स्वतः उघडली नाही. प्रमोदसमोर धरली आणि तूच काढ, असं खुणेने सांगितलं.